कढीपत्त्यावरचा सुरवंट

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे. निसर्ग-विज्ञानाची चित्रपुस्तकं तिला खरंच काही शिकवतील, की तो नुसता विरंगुळा ठरेल? (एक पालक, डोंबिवली)

उत्तर : शिकवतील, पण चित्र नेमकं असेल तरच. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर ‘कॉमन मॉरमॉन’ फुलपाखरू अंडी घालतं. त्याचा लहान सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मोठा होताच हिरवागार. हे सांगायला परिच्छेद लागतो. दोन चित्रं शेजारी दिसली की मूल स्वतःच विचारतं, असं का? विज्ञान इथेच सुरू होतं.

गोष्ट रंगवायला थोडी चूक चालते, असा आक्षेप घेतला जातो. एरिक कार्ल यांच्या १९६९ च्या पुस्तकातला सुरवंट केक खातो. ती कल्पना आहे, हे मुलांना कळतं आणि ते हवंच. पण तोच सुरवंट फुलपाखराचा असूनही पतंगासारखं आवरण विणतो, ही चूक मात्र मुलाला ओळखता येत नाही. तरी इतकं सुंदर पुस्तक टाळू नका, फक्त तिथे थांबून बोला.

पुस्तकं महाग असतात, हेही खरं. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. वाचलेलं प्रत्यक्षही दाखवा : फ्लेमिंगोंचं पुस्तक वाचलंत, तर हिवाळ्यात तिला ठाणे खाडीकडे न्या. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून येतो, हे तिथे पुन्हा सांगा. आणि कढीपत्त्यावर सुरवंट दिसला, तर कृपया औषध फवारू नका.