लहान मुलीसाठी व्हायोलिनची निवड

प्रश्न : ७ वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिनवादन शिकायचे आहे. वाद्य व साहित्य कसे निवडावे?

उत्तर : व्हायोलिन पूर्ण, पाऊण, अर्धे, पाव अशा मापांत मिळते आणि त्याची निवड वयापेक्षा हाताच्या लांबीवरून करावी लागते. वाद्य हनुवटीखाली धरून डावा हात लांबवला असता त्याचे टोक तळहातात सहज मावले व कोपर किंचित वाकलेले राहिले, तर ते माप योग्य समजावे. या वयात बहुधा अर्धे किंवा पाव माप लागते. पुढे उपयोगी पडेल म्हणून मोठे वाद्य घेणे ही सर्वांत हानिकारक काटकसर होय, कारण त्यामुळे बोटे ताणली जातात, मनगट आखडते आणि स्वरस्थाने कच्ची राहतात. हिंदुस्थानी पद्धतीच्या बैठकीत वाद्याचे टोक उजव्या घोट्याजवळ टेकत असल्याने खांद्यावरच्या आधारपट्टीची सहसा गरज नसते. मात्र चारही तारांना फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारकाईने जुळवण्याचे स्क्रू, अवश्य असावेत. कारण लाकडी खुंट्या पावसाळ्यातील दमटपणाने फुगून अडकतात. गज वाद्याच्याच मापाचा घ्यावा, त्याच्या केसांना तारेवर पकड देणारी राळेची वडी सोबत ठेवावी आणि वादनानंतर केस सैल करावेत. पैसे देण्यापूर्वी वाद्य शिक्षकांकडून वाजवून घ्यावे.