नवी गाडी, जुनी व्हॅन आणि नववीचं गणित



नववीच्या गणितात 'आर्थिक नियोजन' हा पाठ आहे. मुलं त्यातली उदाहरणं सोडवतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. यंदा मी हा पाठ आमच्या घरातल्या एका खऱ्या प्रश्नावर घेतला. प्रश्न असा : पंधरा वर्षं वापरलेली सात आसनी व्हॅन बदलून तीन रांगांची क्रॉसओव्हर घ्यायची आहे, तर कोणती घ्यावी? पाठ तीन तासिकांत झाला. त्यात मुलांनी मलाच एक धडा शिकवला, तोही पुढे सांगतो.

घटक : निर्णय घेण्यासाठी गणिताचा वापर
साहित्य : मोजपट्टी, कंपन्यांची माहितीपत्रके, गणनयंत्र, खडू

प्रश्न कुठून आला?

आमची मारुती ईको 2010 सालची. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडी अजून चालते, पण घरात आता सहा माणसं आहेत आणि वर्षातून दोन-तीनदा कोकणात गावी जाणं होतं. म्हणून बदलायचं ठरलं.

आधी व्हॅन आणि क्रॉसओव्हर यांतला फरक समजून घेतला. ईकोसारख्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे छोट्या लांबीत तीन रांगा बसतात. दारं सरकती असल्यानं अरुंद जागेतही नीट उतरता येतं. क्रॉसओव्हर म्हणजे बांधणी कारसारखी, चेसिस आणि बॉडी एकसंध, पण उंची आणि रूप एसयूव्हीचं. टाटा सफारी, महिंद्रा एक्सयूव्ही 700, ह्युंदाई अल्काझार या 2021 मध्ये आलेल्या गाड्या या प्रकारातल्या. 2022 ची किया कॅरेन्स थोडी बुटकी आणि लांबट आहे.

कृती 1 : मोजमाप

ईकोची लांबी 3675 मिमी आणि रुंदी 1475 मिमी. एक्सयूव्ही 700 ची लांबी 4695 आणि रुंदी 1890. म्हणजे गाडी लांबीला 102 सेंमी आणि रुंदीला 41.5 सेंमी वाढणार. मुलांना शाळेच्या मैदानावर खडूनं दोन्ही आयत काढायला लावले. आयत बघून एक जण म्हणाला, "सर, ही तर आमच्या गल्लीत वळणारच नाही!" मीही घरी जाऊन फाटक मोजलं. 213 सेंमी भरलं. गाडी 189, शिवाय आरसे वेगळे. आत जाईल, पण रोज श्वास रोखून.

मग सामान. तिन्ही रांगा उघड्या ठेवल्या तर कॅरेन्सची डिकी 216 लिटरची, अल्काझारची 180 लिटरची. लिटर म्हणजे नेमकं किती, हे मुलांना कळत नाही. 75 × 50 × 30 सेंमीच्या बॅगेचं घनफळ काढायला लावलं : 1,12,500 घन सेंमी, म्हणजे 112.5 लिटर. अशा दोन बॅगा 225 लिटर झाल्या. म्हणजे सहा माणसं बसली की दोन मोठ्या बॅगासुद्धा पूर्ण मावत नाहीत. 'सात आसनी' या शब्दात सामान धरलेलं नसतं, हे मुलांनीच फळ्यावर लिहिलं.

कृती 2 : डिझेल की पेट्रोल?

गणितासाठी भाव धरले : पेट्रोल 105 रुपये लिटर, डिझेल 92. पेट्रोल गाडी लिटरला 12 किमी, डिझेल गाडी 15 किमी. डिझेल गाडी दीड लाखानं महाग धरली.

वर्षाला 10,000 किमी : पेट्रोल 87,500 रुपये, डिझेल सुमारे 61,333. बचत 26,167. दीड लाख भरून निघायला पावणेसहा वर्षं.

वर्षाला 6,000 किमी : पेट्रोल 52,500, डिझेल 36,800. बचत 15,700. दीड लाख भरून निघायला साडेनऊ वर्षं.

आमचं धावणं सहा हजारांच्या आसपास. 'डिझेल स्वस्त पडतं' हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकत आलो होतो. ते कोणाला स्वस्त पडतं, हे आता कळलं.

कृती 3 : हप्ता

कर्ज 10 लाख, व्याजदर वार्षिक 9 टक्के. पाच वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे 20,758 रुपये, एकूण परतफेड सुमारे 12 लाख 45 हजार. सात वर्षांसाठी हप्ता 16,089, एकूण सुमारे 13 लाख 51 हजार. हप्ता साडेचार हजारांनी हलका होतो, पण व्याज एक लाखाहून जास्त वाढतं. शोरूममध्ये मला फक्त हप्ता सांगितला गेला होता. एकूण आकडा मी विचारलाच नव्हता.

कृती 4 : गुणतक्ता

आता निर्णय. दोन गाड्या घेतल्या : 'अ' उंच, मोठी क्रॉसओव्हर आणि 'ब' बुटकी, लांबट. निकष मुलांनी ठरवले, त्यांना भार दिला, एकूण भार 100. प्रत्येक निकषाला 10 पैकी गुण, मग गुण गुणिले भार.

सुरक्षितता (भार 30) : अ 8, ब 7
शेवटची रांग (भार 20) : अ 6, ब 7
सामान (भार 15) : अ 6, ब 5
खर्च (भार 20) : अ 5, ब 7
रुबाब (भार 15) : अ 9, ब 5

बेरीज : अ 685, ब 640. वर्गात टाळ्या. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. मनातून मला 'अ'च हवी होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तुमच्या आजी... म्हणजे तुमच्या आई कुठल्या सीटवर बसणार?"

मी म्हटलं, मधल्या रांगेत. ती म्हणाली, "पण चढणार कशा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी आईला घेऊन दोन्ही गाड्या बघायला गेलो. उंच गाडीपाशी तिनं दाराची कड धरली, एक पाय ठेवला, गुडघा दुखला म्हणून परत खाली घेतला. मग हसून म्हणाली, "छान आहे रे गाडी. तुम्ही जा फिरून, मी थांबते घरी." बुटक्या गाडीत मात्र ती आधी टेकली आणि मग पाय आत घेतले. कोणाचा हात लागला नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा 'रुबाब' पुसला आणि तेवढ्याच भाराचा 'चढ-उतार' लिहिला. अ ला 4, ब ला 8. बाकी एकही आकडा बदलला नाही. नवी बेरीज : अ 610, ब 685.

गणित दोन्ही वेळा बरोबरच होतं. पहिल्या वेळी तक्त्यात माणूस राहून गेलं होतं.

पालकांसाठी : गाडी बघायला जाताना

• तिसऱ्या रांगेत स्वतः बसा, दार लावून घ्या, दहा मिनिटं बसा. गुडघे छातीला लागत असतील तर ती सीट फक्त लहान मुलांचीच.
• शेवटच्या रांगेला तीन टोकांचा पट्टा, डोक्याला आधार आणि एसीची हवा आहे का ते बघा. बाजूच्या पडदा एअरबॅग तिथपर्यंत येतात का, हे विचारा.
• सहा आसनीत मधल्या दोन सीटच्या मधून मागे जाता येतं. सात आसनीत दर वेळी मधली सीट पाडावी लागते.
• मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचाच. 14 वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालआसन नसेल तर मोटार वाहन कायद्यात 1,000 रुपये दंड आहे. दंडापेक्षा मूल मोठं.
• भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली आहे. गाडीला किती तारे आहेत, तेही बघा.

स्वाध्याय

आपल्या घरात येत्या वर्षभरात कोणती मोठी खरेदी होणार आहे? फ्रीज, सायकल, शिलाई यंत्र, काहीही. तिचा गुणतक्ता करा. निकष ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा.

आम्ही कोणती गाडी घेतली, ते मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या घरची माणसं वेगळी, तुमचा तक्ताही वेगळा येईल. एवढंच सांगतो, या दिवाळीत गावी जाताना आई खिडकीशी बसली होती.