दहावीच्या गेट-टुगेदरला जाऊ का, ताई?

अगं, किती दिवस घोळवत बसणार आहेस? ग्रुपवर तारीख पडली. भाऊबिजेचा दुसरा दिवस, म्हणजे मुली माहेरी आलेल्या असतात हे कुणीतरी डोकं लावून ठरवलेलं दिसतंय. वर्गणी ठरली, टी-शर्टांचे साइज गोळा झाले, मुलींनी साडी मोरपंखी नेसायची की गुलाबी यावर रोज रात्री घमासान चालू आहे. तू मात्र 'बघते गं' एवढंच लिहून गप्प. आणि मला फोन करून दरवेळी नवं कारण सांगतेस. वजन वाढलंय, केस पांढरे झालेत, नोकरी सोडून घरी बसलेय तर काय सांगू, ऐन दिवाळीत घर सोडून निघाले तर सासूबाई काय म्हणतील.

यातलं एकही मला पटलेलं नाही. न जाण्याची चांगली कारणं असतात आणि तुझ्याकडेही एक आहे, पण त्याचं तू अजून नाव काढलेलं नाहीस. त्यावर येते मी. आधी ही बाकीची निकालात काढू.

पण त्याही आधी एक गोष्ट, जी वर्गातल्या मुलग्यांच्या लक्षातच येत नाही. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात शिकलेल्या मुलींसाठी हे 'पुन्हा भेटणं' नसतंच. मुलगे भेटतच असतात एकमेकांना. निम्मे अजून गावात आहेत. एकाचं हार्डवेअरचं दुकान, एकाचा ऊस, एक ग्रामपंचायतीत. चौकातल्या टपरीवर रोज चहाला जमतात. पांगलो त्या आपण. गावं बदलली, आडनावं बदलली, आणि काहीजणींचं तर लग्नात तांदळाच्या ताटलीत अंगठीने लिहून पहिलं नावसुद्धा बदललं. अशा बाईला ग्रुप काढणाऱ्याने शोधायचं कसं? मग तिच्या भावाला विचारायचं, नाहीतर बाजारात तिच्या आईला गाठायचं. म्हणून अशा ग्रुपांवर मुलगे ढीगभर आणि मुली मोजक्या.

आणि 'पुन्हा' तरी कुठलं? या मुलग्यांशी तू शाळेत बोलली होतीस तरी कधी? मुलींचे बाक एका बाजूला, मुलांचे दुसऱ्या. कुणाची वही हवी असली तरी मधे मॉनिटर. माझ्या बॅचच्या मेळाव्यात वर्गातल्या एका मुलाशी मी पहिल्यांदा जरा निवांत बोलले, तेव्हा त्याची थोरली कॉलेजात होती. तो सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होता, मी ऐकत होते, आणि खरं सांगते, मला फार मजा आली. पाचवीपासून एका खोलीत बसलेला हा माणूस आहे कोण, हे तेव्हा कळलं. जायला मला एवढं एक कारण पुरतं.

आता वजन आणि केस. हॅरी बाहरिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 1975 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शाळा नुकतीच संपलेल्यांपासून ती संपून जवळजवळ 50 वर्षं झालेल्यांपर्यंत 392 जणांना त्यांनी तपासलं. वर्गसोबत्यांचे शाळेतले फोटो समोर ठेवले, तर 35 वर्षांनंतरही लोक 10 पैकी 9 चेहरे ओळखत होते. पण फोटो न दाखवता नुसती नावं आठवा म्हटलं, की गाडी अडायची. यातली गंमत कळली का? फोटो जुने होते! लोकांना आठवतेस ती दोन वेण्या आणि लाल रिबिनी घातलेली तू. आजची तू त्यांना पहिल्या झटक्यात ओळखू येणार नाहीस, आणि तुलाही कुणी ओळखू येणार नाही. म्हणून आईच्या कपाटातला तो वर्गाचा फोटो काढून बरोबर ने. आठवत नसेल तर सरळ नाव विचार, त्यात कुणाचा अपमान नाही. पहिला अर्धा तास सगळे एकमेकांची पोटं आणि टकलं चोरून बघतात. त्यानंतर नाश्ता येतो.

कार्यक्रम कसा असतो ते तुला सांगायला नकोच. घंटा होते, प्रार्थना होते, कुणीतरी हजेरी घेतं आणि पन्नाशीकडे झुकलेली माणसं 'हजर सर' म्हणून हसतात. मग वारलेल्या शिक्षकांना आणि सोबत्यांना श्रद्धांजली. मग सरांना आणि बाईंना शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आणि मग ते मनोगत. माइक हातोहात फिरतो, आणि 2 मिनिटं सांगितलेली असताना एकेक जण प्लॉट, गाडी, मुलाचं पॅकेज इथपर्यंत पोचतो. दहावीला 750 पैकी किती पडले होते ते अजून पाठ असलेलाही एक असतोच. त्याला बोलू दे. तुझी पाळी आली की घरी असते म्हणताना आवाज खाली आणू नकोस, आणि पुढे एक खरी गोष्ट सांग. सोसायटीचा सगळा हिशेब तू ठेवतेस, पाण्याच्या टँकरवरून बिल्डरला तू घाम फोडलास, ते सांग. पॅकेजपेक्षा लोक ते ऐकतील.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच जागी. सकाळी दारात मुलींचं स्वागत करतात ना, हळदीकुंकू लावून, गजरा देऊन, तिथे. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. त्यानंतरच्या मेळाव्यात ती हौसेने आली, रांगेत उभी राहिली, आणि तिच्यापर्यंत आल्यावर ताट घेतलेली आमचीच वर्गमैत्रीण गडबडली आणि पुढच्या बाईकडे वळली. कुणी काही बोललं नाही. ती दिवसभर हसतखेळत राहिली आणि पुढच्या वर्षी आली नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही त्याचा आदर्श घ्या म्हणून बाकीच्या ग्रामपंचायतींना कळवलं. एका गावाला जे जमलं ते आपल्या शिकल्यासवरल्या बॅचला जमू नये? तुमच्याही वर्गात आता अशा दोघीतिघी असतील. शिवाय लग्न न केलेली असेल, नवऱ्यापासून वेगळी राहणारी असेल. जाणार असलीस तर ताटाचं काम तू मागून घे, आणि गजरा एकूणएक बाईच्या हातात दे.

आता तुझं खरं कारण. तू बोलली नाहीस तरी मला माहीत आहे. आठवीत तुझ्या रंगावरून ज्याने तुला 'डांबर' म्हणायला सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत अख्ख्या वर्गाच्या तोंडी ते नाव बसवलं, तोच या ग्रुपचा ॲडमिन आहे. तारीख त्याने काढली, हॉल त्याने ठरवला, आणि तुला ग्रुपवर घेतल्यावर 'वेलकम'पुढे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या तीन स्मायल्याही त्यानेच टाकल्या. तू तो मेसेज मला पाठवला होतास, बाकी काही न लिहिता.

हे बघ, 'इतकी वर्षं झाली, सोडून दे' असं मी तुला म्हणणार नाही. तू तेव्हा शाळेत जाताना तोंडाला पावडर थापायचीस आणि आई ओरडायची, ते मी पाहिलंय. तो आता चांगला माणूस असेल, असू दे. त्याला माफ करणं हे काही वर्गणीत धरलेलं नाही. तू एवढंच तपास, की तो असलेल्या हॉलमध्ये 4-5 तास बसण्याच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो का? येत असेल, तर जाऊ नकोस. 'या वेळी जमणार नाही, सगळ्यांना शुभेच्छा' असं लिही आणि पुढे सासूबाईंचं, पाठदुखीचं काही जोडू नकोस. कारण दिलं की लोक ते सोडवायला येतात. गाडी पाठवतो म्हणतील.

आणि गोळा येत नसेल, नुसता राग येत असेल, तर जा. पण त्याआधी त्याला वेगळा मेसेज कर, ग्रुपवर नव्हे: 'शाळेतलं ते नाव मला तेव्हाही आवडत नव्हतं, कार्यक्रमात कुणी घेऊ नये एवढं बघ.' दोन ओळी, खाली हसरा चेहरा नको. तो माइकवरून ते नाव घेणारच होता गं, प्रेमानेच घेणार होता, म्हणून तर आधी सांगायचं. अशा माणसांना बहुतेक वेळा आपण काय केलं हेच आठवत नसतं. वाचून ओशाळला तर उत्तम. 'चेष्टा होती' म्हणून वाद घालायला लागला, तर तुझा निर्णय त्यानेच सोपा केला.

सरांच्या पाया पडायचं का, असंही विचारलंस मागे. मनात असेल तर पड. ज्यांनी तुला गणिताच्या तासाला बाकावर उभं करून तेच नाव घेतलं त्यांच्या पडू नकोस, नुसता नमस्कार पुरे. 'सरांनी झोडपलं म्हणून आपण घडलो' असं भाषण कुणीतरी ठोकेलच, मला त्या भाषणाचा कंटाळा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याच्या 17 व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी आली. आपल्या वेळी तो नव्हता, एवढाच फरक. तेव्हा जे झालं ते तेव्हाही चूकच होतं. सर थकलेत, त्यांना शाल मिळावी, टाळ्या मिळाव्यात. पण तुझा हात टाळीला उठलाच पाहिजे असं नाही.

आणि तुझ्या बाकावरची ती? ग्रुपवर नाही ना ती? मी तुझ्या तोंडून तिचं नाव या सगळ्या फोनांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. मार्चला ती गणित आणि इंग्रजीत राहिली. 2015 पासून नापास मुलांची जून-जुलैच्या सुमारासच पुन्हा परीक्षा होते, वर्ष वाचतं. तुमच्या वेळी ऑक्टोबरची वाट बघायची, आणि मुलगी असेल तर त्याआधीच स्थळं बघायला सुरुवात. ऑक्टोबरला ती बसलीच नाही. आता ग्रुपचं नाव 'एसएससी 1998', त्यात 98 ला पास झालेले आणि त्यांच्या ओळखीचे. नववीत शाळा सुटलेले, नापास झालेले, दहावीआधीच लग्न होऊन गेलेल्या, यांना कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही, त्यांची कुणाला आठवणच झाली नाही. तू कर. तिच्या भावाचा नंबर काढ. ती येते म्हणाली तर तुझं जायचं ठरलं, बाकी कशाचाच विचार करू नकोस. पैशाची अडचण दिसली तर तिची वर्गणी तुझ्याबरोबर भरून टाक, ग्रुपवर बोभाटा न करता. ती यायला लाजली, तर त्याच दिवशी तिच्या घरी जा. मेळावा गेला उडत. ज्या माणसाला भेटावंसं वाटतंय त्याला भेटायला हॉल आणि माइक लागत नाही.

बाकीचं पटापट सांगते. जाणार असलीस तर जेवणापर्यंत थांब आणि चारच्या एसटीने परत ये. संध्याकाळी रिसॉर्टवर मुक्काम म्हणतायत ना, तो टाळ. तिथे मुलग्यांची बैठक बसते आणि बायका उगाच ताटकळतात. नवऱ्याला सगळं सांगून जा. मेळाव्यात शाळेतलं जुनं प्रेम भेटतं तो '९६' नावाचा तमिळ सिनेमा पाहिल्यापासून शाळेचा मेळावा म्हटलं की भले भले नवरे चुळबुळतात, त्याला म्हणावं, माझ्या वर्गात त्यातला विजय सेतुपती नव्हता. फोटो फेसबुकवर जातीलच, नको असेल तर आधी सांग. आठवडाभरात कुणीतरी विमा विकायला किंवा प्लॉट दाखवायला फोन करेल, त्याला पहिल्या फोनलाच नाही म्हण. ग्रुपचा कंटाळा आला तर 2022 पासून व्हॉट्सॲपवर गुपचूप बाहेर पडता येतं, कळतं ते फक्त ॲडमिनला. हां, गेल्या 60 दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी मात्र इतरांना बघता येते, तेव्हा कुणी विचारलं तर चकित होऊ नकोस. आणि परवानगीशिवाय कुणी तुला ग्रुपवर ओढू नये म्हणून सेटिंग 2019 पासूनच आहे, ते एकदा करून घे.

माझं मत विचारशील तर, तू जावंस. पण ते मत तुझ्या बाकावरच्या त्या मुलीमुळे आहे, बॅचमुळे नाही. आधी तिला फोन कर, मग ॲडमिनला तो मेसेज, आणि रविवारच्या आत ग्रुपवर हो किंवा नाही लिही. केटररला ताटांचा आकडा सोमवारी द्यायचाय.