उंची शेवटी: उचललेल्या पिकअपला पुढच्या स्प्रिंग निवडताना

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स दारात आली की पहिल्या पावसाळ्याच्या आतच मालकाच्या डोक्यात दोन गोष्टी घोळायला लागतात. पुढे लोखंडी बंपर आणि विंच हवा, आणि गाडी दोन इंच वर हवी. दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘किती लिफ्ट पाहिजे?’ आणि इथूनच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. स्प्रिंगचं काम वजन पेलण्याचं आहे. उंची त्या हिशेबातून शेवटी निघते. वजन न मोजता उंची मागितली, की हातात येते ती मिळेल तेवढी कडक स्प्रिंग. मग महाबळेश्वरच्या घाटात दर खड्ड्याला मणका आठवतो.

या दोन्ही गाड्यांना मागे पाटे आहेत आणि पुढे डबल विशबोन. पुढची कॉइल स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असते आणि हा पूर्ण जोड खालच्या आर्मवर, चाकाच्या बराच आत टेकतो. जिम्नीसारख्या सलग ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते, म्हणून तिचा हिशेब सोपा. आपला तसा नाही, म्हणून ही कृती थोडी लांबते.

टेप हातात घेण्याआधी कायद्याकडे एक नजर टाका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरच्या फेरफाराला परवानगी देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. क्रॅश गार्ड आणि बुल बार लावू देऊ नका, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीही हा मुद्दा काढू शकते. गाडी फक्त खासगी जमिनीवर, स्पर्धेसाठी चालवणार असाल तर गोष्ट वेगळी. रोजच्या रस्त्यावर चालवणार असाल तर आधी आरटीओत विचारा. माझं स्पष्ट मत सांगतो: लोखंडी बंपरची हौस आवरली तर निम्म्या गाड्यांना नवी स्प्रिंग लागणारच नाही.

आधी मोजा

गाडी सपाट फरशीवर घ्या. चार-पाच फूट पुढे-मागे ढकलून पुन्हा जागेवर आणा, म्हणजे जॅकवर किंवा वळणावर आखडलेले आर्म मोकळे होतात. आता चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमी-जास्त झाली तरी तो आकडा बदलतो. चालकाची बाजू थोडी खाली असणं स्वाभाविक आहे, तेही लिहून ठेवा.

मग वजनकाटा. उसाच्या पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. नसेल तर खडी क्रशरवर जा किंवा महामार्गालगतचा खासगी काटा शोधा. टाकी भरलेली, चालक आत आणि नेहमीचं सामान गाडीत ठेवून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. मागची चाकं बाहेर, पण त्याच पातळीत हवीत. उतारावर उभी असतील तर आकडा खोटा येतो. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. बरेच काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यातच आकडा दाखवतात, आपल्याला तेवढं पुरतं.

बंपर आणि विंच आधीच बसवले असतील तर हाच अंतिम आकडा. बसवायचे असतील तर त्यांचं वजन नुसतं मिळवून चालत नाही, कारण ते ॲक्सलच्या पुढे लटकतं. दोन चाकांमधलं अंतर ३.१ मीटर, बंपर-विंचचा भार पुढच्या ॲक्सलपासून ०.८ मीटर पुढे आणि सामानाचं वजन १०० किलो धरा. १०० ला ३.९ ने गुणून ३.१ ने भागा: पुढच्या ॲक्सलवर सुमारे १२६ किलो येतात आणि मागून २६ किलो उचलले जातात. ‘शंभरच तर किलो आहेत’ म्हणणाऱ्याची गाडी नाक खाली घालून उभी राहते ती यामुळे. पुढच्या ॲक्सलवरचा हा एकूण आकडा मॅन्युअलमधल्या त्याच ॲक्सलच्या कमाल भाराशी ताडून पाहा. तो ओलांडला असेल तर जगातली कुठलीही स्प्रिंग उपयोगाची नाही, वजनच उतरवावं लागेल.

एक पथ्य पाळा. स्प्रिंग कायमच्या वजनासाठी निवडायची. वर्षातून दोनदा टपावर चढणारा तंबू या हिशेबात नको.

चाक किती, स्प्रिंग किती

गाडी उभी असताना शॉकअपच्या वरच्या टेकणीपासून खालच्या बोल्टपर्यंतची लांबी मोजा. मग चासिस जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, चाक लोंबकळू द्या आणि पुन्हा मोजा. याच दोन स्थितींत चाकाचा मध्य मडगार्डपासून किती लांब गेला, तेही मोजा. समजा चाक ८० मि.मी. खाली गेलं आणि शॉकअप ४८ मि.मी. लांबला. गुणोत्तर झालं ०.६. डबल विशबोनच्या पिकअपमध्ये साधारण याच्या आसपास आकडा येतो, पण दुसऱ्याच्या गाडीचा उसना घेऊ नका.

या ०.६ चे दोन परिणाम होतात. चाकावर ३० मि.मी. उंची हवी असेल तर स्प्रिंगपाशी १८ मि.मी. पुरतात. आणि स्प्रिंगचा कडकपणा चाकापर्यंत पोहोचताना ०.६ च्या वर्गाने, म्हणजे ०.३६ पट होतो. कॅटलॉगमध्ये राक्षसी वाटणारी स्प्रिंग चाकावर बऱ्यापैकी नरम का वागते, याचं कोडं इथे सुटतं.

आता एक पूर्ण हिशेब करू. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. बंपर-विंचसह पुढच्या ॲक्सलवर १,२०० किलो, म्हणजे एका बाजूला ६००. त्यातून चाक, टायर, ब्रेक, हब आणि आर्मचा निम्मा भाग वजा करा; हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. अंदाजे ६५ किलो धरले तर उरले ५३५. त्याला ०.६ ने भागा. एका स्प्रिंगवर ८९२ किलो. चाकावरचा भार ५३५ आणि स्प्रिंगवर ८९२ कसा, असं वाटेल. स्प्रिंग आर्मच्या आतल्या बाजूला टेकते, म्हणून तिला जास्त रेटावं लागतं.

कडकपणा ठरवा

स्प्रिंग रेट कुठे किलो प्रति मि.मी., कुठे न्यूटन प्रति मि.मी., तर कुठे पौंड प्रति इंच असा लिहिलेला सापडतो. १ किलो प्रति मि.मी. म्हणजे ९.८ न्यूटन, आणि पौंडात ५६. एकाच मापात आणल्याशिवाय दोन स्प्रिंगांची तुलना करू नका.

रेट छापलेला नसेल तर व्हर्नियरने काढता येतो. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या आणि पोलादाच्या ७९,००० (न्यूटन प्रति चौरस मि.मी.) या आकड्याने गुणा. मग वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन, चालणाऱ्या वेटोळ्यांची संख्या आणि ८ या तिघांच्या गुणाकाराने भागा. तार १६ मि.मी., सरासरी व्यास १०५ आणि चालणारी वेटोळी ६ असतील तर ९३ न्यूटन येतात, म्हणजे सुमारे ९.५ किलो प्रति मि.मी. चौथ्या घाताची गंमत अशी की तार १४ वरून १५ मि.मी. केली तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण कडकपणा ३२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ‘थोडीशीच जाड आहे’ या आश्वासनावर विसंबू नका.

आमच्या ८९२ किलोंखाली ही स्प्रिंग ९४ मि.मी. दबते. चाकावर तिचा रेट ९.५ गुणिले ०.३६, म्हणजे ३.४२ उरतो. ५३५ ला ३.४२ ने भागलं की १५६ मि.मी. मिळतात. १५.८ ला या आकड्याच्या वर्गमुळाने भागा: १.२६. गाडीचं नाक सेकंदाला इतक्या वेळा झुलू पाहतं. खराब रस्त्यावर बसून जायच्या गाडीला १.२ ते १.४ बरं. आता बंपर न लावता, केवळ उंचीसाठी, १२ किलो प्रति मि.मी.ची स्प्रिंग घातली तर हाच आकडा १.५ वर जातो. अंगापेक्षा बोंगा मोठा, तसला प्रकार. दगडी वाटेवर अशा गाडीचं चाक जमीन सोडून उड्या मारतं आणि पकड जाते.

समान पिळाची स्प्रिंग घ्यावी की एका टोकाला दाट पिळाची, यावर तासन्‌तास वाद चालतात. पुढे समान पिळाचीच घ्या. वजन कायमचं असताना दाट वेटोळी उभ्या गाडीतच मिटून बसतात आणि वर केलेला सगळा हिशेब हवेत जातो.

आता उंची

बंपर लावण्याआधी उभ्या गाडीत मूळ स्प्रिंग २७० मि.मी. लांब दिसत होती असं समजा. चाकावर ३० मि.मी. जास्त हवेत, म्हणजे बसलेली लांबी २८८. त्यात दबण्याचे ९४ मिळवा. मोकळी लांबी ३८२ मि.मी. दुकानात मागायचं ते हे: रेट ९.५, मोकळी लांबी ३८२. ‘दोन इंच लिफ्ट’ हे स्प्रिंगचं माप होत नाही. त्याच ३८२ लांबीची पण १०.५ रेटची स्प्रिंग दिली तर ती ८५ च मि.मी. दबेल, आणि चाकावर उंची ३० ऐवजी ४५ होईल. खोक्यावरचं लेबल मात्र तेच.

मूळ आर्म ठेवून चाकावर ५० मि.मी.च्या पुढे जाऊ नका. ४० वर थांबलात तर उत्तम. गाडी वर गेली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंटचे रबर बूट फाटतात आणि बॉल जॉइंट टोकाला जातो. चाक खाली लोंबण्याची जागाही कमी होते: मुळात ९० मि.मी. असेल तर ३० उचलल्यावर ६० उरते. चाक हवेत लटकतं ठेवून वरचा आर्म स्प्रिंगला घासत नाही ना आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते हाताने चाचपून पाहा. दुसऱ्या टोकालाही बघा. सगळी वेटोळी एकमेकांना टेकल्यावरची लांबी, इथे टोकांची न चालणारी धरून एकूण साडेसात वेटोळी गुणिले १६, म्हणजे १२० मि.मी. बंप स्टॉप पूर्ण दबला तरी स्प्रिंग याहून बरीच लांब राहिली पाहिजे.

शॉकअपच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा स्पेसर ठेवून उंची देणारे भेटतील. स्वस्त पडतं खरं, पण त्याने चाक आणखी खाली लोंबतं आणि सगळा ताण जॉइंटवर येतो. मी तो लावणार नाही. जुनी स्प्रिंग तापवून ताणणे किंवा वेटोळं कापणे, हे तर कोणाच्याही गाडीत करू देऊ नका.

कॅटलॉग उघडताना पिढी तपासा. भारतात विकली जाणारी व्ही-क्रॉस जुन्या, दुसऱ्या पिढीच्या डी-मॅक्सवर आधारलेली आहे. जगात २०१९ पासून तिसरी पिढी आली. ऑस्ट्रेलिया किंवा थायलंडहून मागवताना नुसतं ‘२०२२ डी-मॅक्स’ म्हणालात तर दुसऱ्याच गाडीचा भाग येईल. ऑस्ट्रेलियन कंपन्या बहुधा ‘बंपर नाही’, ‘बंपर’, ‘बंपर आणि विंच’ अशा वजनाच्या गटांत स्प्रिंग विकतात. पद्धत शहाणपणाची आहे. तरी रेट आणि मोकळी लांबी लेखी मागा. देत नसतील तर दुसरं दुकान.

नव्या रेटला जुळणारा शॉकअप सोबतच घ्या. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगची उसळी आवरायला बनवलेला असतो. कडक स्प्रिंग त्याला जुमानत नाही.

बसवताना

हे काम घरी करायचं नाही. आमच्या उदाहरणातली स्प्रिंग चाक पूर्ण लोंबकळत असतानाही ५८ मि.मी. दबलेलीच असते, म्हणजे साडेपाचशे किलोंचा रेटा तिच्यात अडकलेला असतो. भिंतीला किंवा स्टँडला पक्का केलेला कंप्रेसर असेल त्याच गॅरेजमध्ये जा, आणि स्प्रिंग आवळल्याशिवाय शॉकअपचा मधला नट कोणी सैल करत असेल तर तिथून लांब उभे राहा. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला नीट टेकलं पाहिजे. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि कॅस्टर-कॅम्बरचा कागद मागून घ्या. नुसतं टो जुळवून ‘झालं साहेब’ म्हणणारे पुष्कळ असतात. कॅस्टर कमी पडला तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून.

नवी स्प्रिंग सुरुवातीला काही मि.मी. बसते. हजार किलोमीटरनंतर त्याच फरशीवर, त्याच वहीत पुन्हा मोजा. डाव्या-उजव्या बाजूत १० मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर खालच्या बाजूच्या स्प्रिंगला पातळ पॅकर लावून घ्या आणि अलाइनमेंट पुन्हा तपासा. उंची यानंतरही उतरतच राहिली, तर स्प्रिंगचं पोलाद कच्चं आहे. वॉरंटीत जोडी बदलून मागा, एकटी नको.