वेळ पाहून किनारा पाहावा

मंडळाच्या प्रवासवर्णनाच्या तासाला मॅडमनी एक सोपं काम दिलं होतं : ‘समुद्रकिनारा’ या विषयावर वीस ओळी लिहा. आम्ही भराभर लिहिलं. मग एकेकाने वाचायला सुरुवात केली आणि गंमत झाली. बहुतेकांच्या कागदावर एकच किनारा होता. पांढरी वाळू, निळंशार पाणी, वाकलेले माड, लांब कुठेतरी एक होडी. मॅडमनी विचारलं, “हा किनारा कोणी पाहिलाय?” कोणीच नाही. तो ट्रॅव्हल एजन्सीच्या बोर्डावरचा होता : मलेशिया, पाच रात्री, सहा दिवस.

“आणि डुमस कोणी पाहिलंय?” सगळे हात वर.

“मग डुमस का नाही लिहिलं?”

“मॅडम, ते काळं आहे ना,” असं मीच म्हणाले. त्या उत्तराची लाज मला नंतर वाटली. हा पाठ त्या लाजेतून लिहिला आहे. प्रवासवर्णन हा आपल्या अभ्यासक्रमातला प्रकार आहे. पु. लं.चं ‘पूर्वरंग’ आग्नेय आशियातल्या प्रवासावरचं आहे आणि ते आपण आवडीने वाचतो. पण किनारा पाहायचा कसा आणि लिहायचा कसा, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. मी चार प्रश्न घेऊन आपला किनारा पाहिला, आणि त्याच प्रश्नांनी तो मलेशियाचा किनाराही तपासला.

१. वाळू कुठून आली?

डुमस सुरत शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथली वाळू काळी आहे म्हणून इंटरनेटवर भुतांच्या गोष्टी भरपूर सापडतात. त्या गोष्टी बाजूला ठेवू या, कारण खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे.

तापी मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावते. भुसावळवरून, खानदेशातून वाहत सुमारे ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेला समुद्राला मिळते. वाटेतला बराचसा खडक काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसातून सह्याद्री आणि दख्खनचं पठार बनलं, तोच हा खडक. तो झिजतो, नदी त्याचे कण वाहून आणते, आणि त्यातले लोहयुक्त जड कण लाटा किनाऱ्यावर मागे ठेवतात. एक प्रयोग करून पाहा. घरातलं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून डुमसच्या कोरड्या वाळूवरून फिरवा. पिशवीला बारीक काळे कण चिकटतात.

आता उधना, लिंबायत, दिंडोलीकडच्या आपल्या वर्गमित्रांकडे पाहा. कितीतरी जणांची घरं मूळ जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. त्यांचे आजोबा-पणजोबा मिलमध्ये कामाला ज्या रेल्वेने आले, ती उधना-जळगाव लाइनसुद्धा तापीच्याच खोऱ्यातून येते. म्हणजे वाळू खानदेशातून आली आणि माणसंही खानदेशातून आली. ज्या वाळूला मी ‘काळं आहे ना’ म्हणाले, ती आपल्या निम्म्या वर्गाच्या गावाकडची आहे.

ही ये-जा आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झालं. धरणात पाण्याबरोबर गाळही अडतो. किनाऱ्याचं वर्णन करताना नदीवर वरच्या बाजूला काय घडलं तेही विचारावं लागतं, ते यासाठी.

२. वेळ कोणाची?

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं सकाळी सुवालीला गेलो. ओहोटी होती. पाणी इतकं मागे हटलं होतं की समुद्र म्हणजे लांबवर एक चकाकणारी रेघ. आम्ही त्या रेघेच्या मागे चालत गेलो. फोटो काढले, निवट्या पाहिल्या. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा, डोळे डोक्यावर असलेला तो मजेशीर मासा. परत वळलो तर आमच्या आणि काठाच्या मध्ये पाण्याचा एक रुंद पट्टा आला होता. भरती समोरून लाटा घेऊन येईल अशी आमची कल्पना. ती तर आधी मागच्या सखल भागातून गुपचूप शिरली होती. काठावरून मासे विकणाऱ्या एक मावशी हात उंच करून ओरडत होत्या, “आ बाजू! आ बाजू!” त्यांनी दाखवलेल्या बाजूने, चपला हातात धरून, गुडघाभर पाण्यातून आम्ही बाहेर आलो. मावशी रागावल्या नाहीत. वेळ न पाहताच आलात का, एवढंच त्यांनी गुजरातीत विचारलं.

माझं आजोळ वसईचं. रात्री आजोबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न : “तिथी कोणती होती गं?” मला माहीत नव्हती. कॅलेंडर पाहिलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. रोज सकाळी मिस्साला जाणाऱ्या माझ्या आजोबांना तिथ्या तोंडपाठ आहेत, कारण होडी तिथीवर सुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे चढ-उतार कमी. आजोबांचं एक गणितही आहे : तिथी गुणिले पाऊण. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. मुंबई-वसईकडे हे बरंचसं जुळतं. सुरतेला ते जसंच्या तसं लावू नका. खंभातच्या आखातात आत येताना भरतीला उशीर होतो. शिवाय आखात आत निमुळतं होत जातं, त्यामुळे पाणी दाटून जास्त उंच चढतं. भावनगरकडे तर भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, आणि भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. काल अमुक वाजता गेलो होतो, काही झालं नाही, हा हिशेब म्हणून फसवा आहे. डुमसला वाळूत उतरवलेल्या गाड्या अडकतात आणि मग पाण्यात सापडतात, त्याचंही कारण हेच.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक शब्द आहे. संस्कृतमध्ये ‘वेला’ म्हणजे काळ, ‘वेला’ म्हणजे किनारा आणि ‘वेला’ म्हणजे भरतीही. आपला ‘वेळ’ तिथूनच आला. किनारा आणि काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्या भाषेला वाटलंच नव्हतं. ‘बीच’ म्हटलं की जागा दिसते, पण वेळ दिसत नाही. मावशींना मात्र दोन्ही दिसत होतं.

३. इथून कोण गेलं, इथे कोण आलं?

सुवालीला आज गेलात तर ऊन, वारा, सुरूची झाडं आणि लांबवर हजिऱ्याचे कारखाने दिसतील. चारशे वर्षांपूर्वी मोठी जहाजं इथेच नांगर टाकत. तापीच्या मुखाशी गाळ असल्याने ती शहरापर्यंत येऊ शकत नसत, आणि सुवालीला वाळूच्या दांड्याच्या आड खोल पाणी होतं. १६१२च्या नोव्हेंबरअखेर इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई याच पाण्यात झाली. १६१५ साली जहांगीर बादशहाकडे जाणारा इंग्रज वकील टॉमस रो इथेच उतरला. इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘सुरतेची वखार’ वाचतो, त्या वखारीचा समुद्राकडचा दरवाजा म्हणजे सुवाली.

हा दरवाजा फक्त युरोपकडे उघडत नव्हता. गुजरातचं कापड मलाया आणि सुमात्राच्या बंदरांत जायचं. पंधराव्या शतकात मलाक्का बंदरात परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदर-अधिकारी, असत. त्यातला एक खास गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता. मलय भाषेत जहाजाच्या कप्तानाला ‘नाखोदा’ म्हणतात. आपला ‘नाखवा’ आणि तो ‘नाखोदा’, दोघेही फारसी ‘नाखुदा’चेच वंशज.

आणि आता सुरतकरांनी अभिमानाने सांगावं असं एक नाव. तापीच्या पलीकडचं रांदेर आपल्याला खावसा आणि रमजानमधल्या खाऊगल्लीमुळे माहीत आहे. याच रांदेरला जन्मलेला नूरुद्दीन अर-रानीरी हा विद्वान १६३७ साली सुमात्रातल्या आचेला पोचला आणि सुलतानाच्या आश्रयाने मलय भाषेत ग्रंथ लिहू लागला. ‘बुस्तान अल-सलातीन’ हा त्याचा ग्रंथ मलय साहित्याच्या इतिहासात मोठा मानला जातो. १६४४ साली तो रांदेरला परतला आणि १६५८ साली वारला. ‘रानीरी’ म्हणजे रांदेरचा. मलय साहित्य शिकणारा तिकडचा विद्यार्थी आपल्या शहराच्या एका भागाचं नाव रोज उच्चारतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्या कॉलेजातल्या कॅथलिक मुलामुलींना मलाक्का आणखी एका कारणाने जवळचं वाटावं. संत फ्रान्सिस झेवियर १५४५ साली तिथे पोचले. १५५२ साली चीनजवळच्या बेटावर त्यांचं निधन झालं, आणि गोव्याला आणण्याआधी त्यांचा देह मलाक्काच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये ठेवला होता. त्या चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही उभ्या आहेत.

४. जाहिरातीबाहेर काय राहिलं?

हे सगळं वाचल्यावर मी त्या बोर्डावरच्या किनाऱ्याकडे पुन्हा पाहिलं. पांढऱ्या वाळूचे किनारे मलेशियात खरोखर आहेत, मुख्यतः बेटांवर आणि पूर्व किनाऱ्यावर. पण मलाक्काच्या सामुद्रधुनीकडचा पश्चिम किनारा बराचसा चिखलाचा आणि तिवरांचा आहे, आपल्यासारखाच. पेराक राज्यातलं मतांग हे तिवरांचं जंगल १९०२ पासून पद्धतशीर राखलेलं आहे. क्वाला सलांगोरला रात्री नावेत बसून नदीकाठच्या झाडांवर लुकलुकणारे काजवे पाहायला लोक लांबून येतात. तिथल्या चिखलातही आपल्या निवटीची भावंडं उड्या मारतात. देशाच्या राजधानीचं नावच पाहा : ‘क्वाला’ म्हणजे नदीचं मुख किंवा संगम, ‘लुंपूर’ म्हणजे चिखल. ज्यांनी आपल्या राजधानीच्या नावात चिखल ठेवला त्यांना त्याची लाज वाटली नसावी.

वेळेचा नियम तिथेही आहे. पूर्व किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस असतो, तेव्हा बेटांकडच्या बोटी जवळजवळ बंद होतात. आपण दिवाळीनंतर समुद्रावर जायला निघतो, तेव्हा तिकडचे लोक होड्या ओढून ठेवत असतात. याच किनाऱ्यावर तेरंगानू राज्यात रंताउ आबांग नावाची जागा आहे. १९५०च्या दशकात तिथे दरवर्षी हजारोंच्या संख्येने लेदरबॅक कासवं अंडी घालायला येत. अंडी गोळा केली गेली, कासवं जाळ्यांत सापडली, पाहायला येणाऱ्यांची गर्दी आणि दिवेही वाढले. आता ती तिथे जवळपास येतच नाहीत. पाहायला गेलेल्या माणसांचाही त्यात वाटा होता, हे प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने विसरू नये.

या किनाऱ्याचं प्रामाणिक वर्णन तिथल्याच एका लेखकाने केलेलं आहे. मलाक्कात जन्मलेले मुन्शी अब्दुल्ला सिंगापूरहून समुद्रमार्गे पूर्व किनाऱ्याने केलांतानपर्यंत गेले. त्या प्रवासाचं पुस्तक १८३८ साली छापलं गेलं. त्यात माड आणि समुद्र आहेत, तशी गावांतली अस्वच्छता, गरिबी आणि राजांच्या कारभारावरची टीकाही आहे. जाहिरात जे वगळते तेच त्यांनी लिहिलं.

प्रत्यक्ष भेटीसाठी

आपल्या किनाऱ्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. डुमसला संध्याकाळी उंट-घोडे, पतंग आणि गरम टोमॅटोची भजी. सुवालीला ओहोटीत खेकडे, निवट्या, आणि हिवाळ्यात पाणपक्षी. वलसाडजवळ तीथलला पुन्हा काळीच वाळू. नवसारीजवळ दांडीला जरूर जा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी तिथे मूठभर मीठ उचललं. ते मीठही भरतीने आत आणलं होतं आणि ओहोटीने मागे ठेवलं होतं. जाण्याआधी तिथी आणि भरतीचं वेळापत्रक पाहा. ओसरत्या पाण्याच्या मागे चालत जाऊ नका. पाणी वळायच्या आधी आपण वळा. आणि काठावर जाळी विणत किंवा मासे विकत कोणी बसलं असेल तर आधी त्यांना विचारा.

स्वाध्याय

१. एकाच जागी उभं राहून एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला दहा-दहा ओळी लिहा. ‘सुंदर’, ‘निसर्गरम्य’, ‘मनमोहक’ हे शब्द वापरू नका.

२. घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसांकडून नदी-समुद्राचे पाच शब्द गोळा करा. मराठी, अहिराणी, गुजराती कोणतेही चालतील.

३. एखादी पर्यटनाची जाहिरात घ्या आणि तिच्यातून काय वगळलं आहे ते लिहा.

मी पहिला स्वाध्याय केला आहे. वीस ओळी डुमसवर लिहिल्या आणि पुढच्या तासाला वाचल्या. वाळूचा रंग दुसऱ्याच ओळीत आला. खानदेशातल्या एका मैत्रिणीने मधेच थांबवून विचारलं, “म्हणजे आमच्या प्रकाशाच्या घाटावरून येते ती?” हो, तिथूनच.