आधी ॲप बघा, मग फोन

२०१५ च्या दिवाळीत मी जो फोन घेतला, तसा आमच्या लोकलच्या डब्यात दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. तो अँड्रॉइड नव्हता, आयफोनही नव्हता. त्याची प्रणाली स्वतःची होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण फोन म्हणून तो चांगलाच होता. चार्जिंग दीड दिवस पुरायचं, भर उन्हात फलाटावरही अक्षरं स्पष्ट दिसायची. दुकानदार म्हणाला, "सगळी ॲप्स आहेत याच्यात." मी तिथेच उभ्या उभ्या शोधून पाहिलं. रेल्वेचं वेळापत्रक मिळालं, बँक मिळाली, रक्तातल्या साखरेच्या नोंदी ठेवायचं ॲपही मिळालं. मी खूश झालो. ती ॲप्स कुणी बनवलीत, हे मात्र पाहिलं नाही.

मी वैतरण्याला राहतो, नोकरी बोईसरच्या एमआयडीसीत. अंधेरी-बोरिवलीच्या माणसाची एक लोकल चुकली तर पाचेक मिनिटांत दुसरी येते. आमच्याकडे तसं नाही. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आल्या, मोठी सोय झाली, पण विरार सोडलं की गाड्या मोजक्याच. रस्त्याने जावं म्हटलं तर पुढे वैतरणेची खाडी आडवी, तिथे पूल आहेत ते रेल्वेचे. गाडीने जायचं तर तेव्हा हायवे धरून मनोरवरून वळसा. दोन पुलांच्या मधल्या वाढीव नावाच्या गावची माणसं तर वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून पुलावरूनच चालत स्टेशन गाठत आली आहेत. अशा ठिकाणी वेळापत्रक चुकीचं निघालं की अख्खी सकाळ हातची जाते.

माझं तसंच झालं. ऑक्टोबरात गाड्यांच्या वेळा बदलल्या, ॲपमधल्या जुन्याच राहिल्या. एका महिन्यात तीन लेट मार्क लागले आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. शेजारी एम-इंडिकेटर ॲपवर पाहून वेळेत येत होते. मग मी माझ्या ॲपची माहिती उघडली. शेवटचा बदल चौदा महिन्यांपूर्वीचा, आणि बनवणाऱ्याचा नुसता ईमेल. त्यावर लिहिलं, उत्तर आलं नाही.

बँकेचं प्रकरण याहून गंभीर. ॲपवर बँकेचं बोधचिन्ह होतं, म्हणून मी चार महिने त्यात पासवर्ड टाकत होतो. एकदा पासबुक भरायला गेलो असताना सहज विचारलं, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "या फोनसाठी आमचं ॲपच नाही." कुणीतरी बँकेच्या वेबसाइटभोवती स्वतःची चौकट लावून ती फोनमधल्या ॲप्सच्या दुकानात ठेवली होती. पैसे गेले नाहीत. पासवर्ड तिथल्या तिथे बदलला, तरी त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून कळकळीने सांगतो, फोन कुठलाही असो, बँकेचं ॲप दुकानात शोधू नका. बँकेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा शाखेत विचारूनच घ्या.

असं का होतं, ते मला उशिरा उमगलं. फोन थोड्या लोकांकडे असला की चांगले ॲपवाले त्यासाठी मेहनत घेत नाहीत, आणि रिकाम्या जागेत कुणीही काहीही आणून ठेवतो. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. २०१३ मध्ये ब्लॅकबेरीच्या दुकानात सुमारे १ लाख २० हजार ॲप्स होती, त्यातली ४७ हजारांवर एकाच कंपनीची होती. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या दुकानातून दीड हजारांहून अधिक दिशाभूल करणारी ॲप्स काढून टाकली. नोटबंदीनंतर ३० डिसेंबर २०१६ ला भीम ॲप आलं तेही आधी फक्त अँड्रॉइडवर. जिओफोनवर व्हॉट्सॲप पोचायला सप्टेंबर २०१८ उजाडलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते बंदही झालं.

तेव्हा दुकानात किती लाख ॲप्स आहेत, हे विचारू नका. आपला दिवस ज्या चार-पाच ॲप्सवर चालतो, ती कागदावर लिहून न्या. एकेक उघडून बनवणारा कोण आणि शेवटचा बदल कधीचा, एवढं वाचा. सहा महिन्यांहून जुना असेल तर ताज्या तक्रारीही वाचा. मराठी निरोप उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का पाहा. माझ्या फोनवर काही ॲप्समध्ये 'प्रकृती'चा प आणि र वेगळे व्हायचे. आणि आपण भरलेली माहिती ॲपमधून बाहेर काढता येते का, हे पहिल्याच दिवशी, दोन-तीन खोट्या नोंदी भरून तपासा.

हे शेवटचं मी केलं नाही. आईची रोज सकाळची उपाशीपोटीची साखर मी नोंदींच्या त्या ॲपमध्ये दोन वर्षं भरत होतो. फोन बदलायची वेळ आली तेव्हा कळलं की नोंदी बाहेर पाठवायची सोयच नाही. दोन रात्री बायको आकडे वाचत होती आणि मी वहीत उतरवत होतो. मार्च २०१६ च्या मागे सरकलं की ॲप बंद पडायचं. वीस-पंचवीस वेळा प्रयत्न केला. त्याच्या आधीच्या चार महिन्यांची पानं वहीत कोरीच राहिली, आणि नेमकी त्याच महिन्यांत डॉक्टरांनी आईची गोळी बदलली होती.