सदतीस घरांचे चाक

रात्रीच्या वर्गात एकदा धड्याचे पुस्तक बाजूला राहिले आणि वेगळेच बोलणे निघाले.

एक गडी म्हणाला, "गुरुजी, मोबाइलवर सारखी एक जाहिरात येतीया. 'कॅसिनो' असं लिहिलंया. अक्षरं वाचता येत्यात, पण अर्थ लागत न्हाई. हे काय असतं?"

कोपऱ्यात बसलेल्या मावशी म्हणाल्या, "माझ्या भाच्याच्या मोबाइलवर हाय की ते. पाचशे भरलं की पाचशे वर फुकट देत्यात म्हणं. आपला किराणावाला तरी असं कधी देतो का?"

मावशींनी नेमका प्रश्न विचारला होता. म्हणून त्या रात्री आम्ही याच प्रश्नाचा धडा केला. तोच येथे देत आहोत.

कॅसिनो म्हणजे काय?

कॅसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा. शब्द परका आहे, पण गोष्ट जुनीच आहे. धर्मराज फासे खेळायला बसला आणि राज्य, भाऊ, बायको सारे हरला, ही कथा आपल्याला ठाऊकच आहे. आपल्याकडे पत्ते आहेत, आकडा लावणे आहे, जत्रेतली चक्री आहे. परदेशात यासाठी मोठमोठ्या इमारती असतात. गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीत जहाजांवर असे कॅसिनो चालतात. पण २०२० साली तिथल्या सरकारने खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तेथे जुगार खेळायला बंदी केली. दारात अड्डा असला तरी आपली माणसे त्यात नकोत, असे त्या सरकारलाही वाटले.

ऑनलाइन कॅसिनो म्हणजे तोच अड्डा मोबाइलमध्ये आलेला. १९९४ साली अँटिग्वा नावाच्या एका लहान बेटांच्या देशाने अशा धंद्याला परवाने देण्याचा कायदा केला. तेव्हापासून हा धंदा जगभर पसरला. मालक एका देशात, त्याचा संगणक दुसऱ्या देशात आणि खेळणारा आपल्या घरी, गोधडीत. शेजारी झोपलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही.

आपण खेळून पाहू

"मग खेळ कसा असतो तेही दाखवा," वर्गातली मंडळी म्हणाली. आम्ही म्हणालो, "चला, खेळूनच पाहू. पण पैशांनी नाही, चिंचोक्यांनी."

कॅसिनोत एक प्रसिद्ध खेळ आहे. त्याला रूलेट म्हणतात. त्यात एक चाक असते. चाकाला ३७ घरे असतात. त्यांवर ० ते ३६ असे आकडे असतात. चाक फिरवतात, त्यात गोळी सोडतात. गोळी ज्या घरात थांबेल तो आकडा जिंकला.

आमच्याकडे चाक नव्हते. आम्ही फरशीवर खडूने ३७ घरे आखली. ३७ चिठ्ठ्या करून तांब्यात टाकल्या. मावशींना मालक केले आणि चिंचोक्यांची पिशवी देऊन खुर्चीवर बसवले.

नियम असा. ज्या घराची चिठ्ठी निघेल त्या घरावरच्या एका चिंचोक्याला मालकाने ३६ चिंचोके द्यायचे. बाकीच्या घरांवरचे सारे चिंचोके मालकाने उचलायचे. खऱ्या कॅसिनोतही हिशेब असाच असतो. एका रुपयाला छत्तीस रुपये! ऐकून तोंडाला पाणी सुटते.

वर्गाने सगळ्या घरांवर एकेक चिंचोका ठेवला. एका मुलीने डोळे मिटून चिठ्ठी काढली. आकडा निघाला तेवीस. तेवीसवाला गडी उडीच मारून उठला. त्याने ३६ चिंचोके ओंजळीत घेतले.

आम्ही म्हणालो, "आता सगळे मिळून मोजा. वर्गाने किती ठेवले?"

"सदतीस."

"परत किती आले?"

"छत्तीस."

"मग एक कुठं गेला?"

सगळ्यांनी मावशींकडे पाहिले.

दुसरा डाव झाला. वेगळा गडी जिंकला. मावशींकडे आणखी एक चिंचोका गेला. दहा डाव झाले. दर वेळी कोणीतरी जिंकले, दर वेळी कोणीतरी हसले. पण वर्गाचे दहा चिंचोके मावशींच्या पिशवीत जमले होते.

मावशी म्हणाल्या, "अगं बाई, मी तर काहीच केलं न्हाई. नुसती बसून हाय!"

हीच या धड्यातली मुख्य गोष्ट. मालकाला लबाडी करावी लागत नाही. चाक सरळ असले, चिठ्ठ्या खऱ्या असल्या, तरी खेळाचा नियमच त्याला पैसे मिळवून देतो. मोबाइलवर तर चाकही दिसते तेवढेच. आत संगणक आकडा काढतो. तो सरळ आहे की वाकडा, हे आपण तपासू शकत नाही.

"आता येणारच" हा भ्रम

तेवीसवाला गडी म्हणाला, "पण गुरुजी, मी जिंकलो की!"

खरे आहे. एखाद्या डावात कोणीही जिंकू शकतो. म्हणूनच तर माणूस फसतो. ज्याचे लागले तो गावभर सांगतो. ज्याचे गेले तो घरातही बोलत नाही. त्यामुळे आपल्या कानांवर जिंकल्याच्याच गोष्टी येतात.

दुसरा म्हणाला, "पाच डावांत माझं घर आलं न्हाई. आता येणारच!" तसे नसते. चिठ्ठीला मागचे काही आठवत नाही. प्रत्येक डाव नवा. शंभर वेळा आकडा आला नाही, तरी पुढच्या वेळी संधी तेवढीच, सदतीसात एक.

काही जण म्हणतात, हरले की दुप्पट लावायचे, म्हणजे एकदा जिंकले की सारे भरून निघते. रुपयाला दोन रुपये देणाऱ्या डावावर हा हिशेब करून पाहू. पहिल्यांदा १० रुपये लावले. मग २०, ४०, ८०, १६०, ३२० आणि ६४०. सात वेळा हरलो तर एकूण गेले १,२७० रुपये. आठव्या वेळी लावायला हवेत १,२८०. आणि तो डाव जिंकला तर एकंदर फायदा किती? फक्त १० रुपये. दहा रुपयांसाठी अडीच हजार डावावर!

मोबाइलवर वेगही फार. जत्रेतली चक्री हळू फिरते. मध्ये माणूस चहा पितो, विचार करतो. मोबाइलवर दहा सेकंदांत एक डाव होतो. म्हणजे तासात ३६० डाव. दर डावाला १० रुपये लावले तर तासात ३,६०० रुपये डावावर लागले. आपल्या चाकाच्या हिशेबाने त्यातले सरासरी ९७ रुपये मालकाचे. थोडेच वाटतात. पण रोज दोन तास खेळले तर महिन्याला साडेपाच हजारांहून जास्त होतात. ती तर एखाद्या घराची मजुरी झाली.

फुकटची सेवा

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. पाचशेवर पाचशे फुकट का देतात?

त्या फुकटच्या पैशाला बारीक अक्षरांत अट असते. समजा अट अशी आहे: बक्षिसाच्या तीसपट रक्कम डावावर लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. पाचशेची तीसपट झाली १५,०००. आपल्या चाकावर एवढे लावले तर सरासरी ४०५ रुपये मालकाकडे जातात. म्हणजे पाचशे दिले आणि चारशेपाच परत घेतले. पण तेवढ्यात आपल्याला खेळाची सवय लागली. ती मात्र पुढे आपल्याच खर्चाने चालते.

कित्येक ठिकाणी आधी खोट्या पैशांनी खेळून पाहू देतात. त्यात आपले काही जात नाही, म्हणून भीती मोडते. बोट मात्र शिकते. पैसे भरायला एक क्षण पुरतो. काढायला गेले की कागद मागतात, 'थांबा' म्हणतात. थांबलेल्या वेळात ते पैसे पुन्हा डावावर लागतात. रात्री दोन वाजता लिहिले तरी गोड उत्तर येते. पण गिऱ्हाईक कंगाल होते आहे, म्हणून त्याला घरी पाठवणारे दुकान हे नव्हे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा एक कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. पण कायदा दिल्लीत आणि मोबाइल आपल्या हातात. पहिला पहारा आपलाच हवा.

मावशी काय करतात?

वर्ग सुटला. मावशी मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, बियाण्यासाठी ठेवलेले पैसे भाचा त्यात भरतोय. रागवलं तर उठून जातो. काय करू?"

आम्ही म्हणालो, "मावशी, रागवू नका. त्याला हिशेब लिहायला लावा. एका बाजूला भरलेले, एका बाजूला मिळालेले."

मावशींनी चिठ्ठ्यांचा तांब्या आणि चिंचोक्यांची पिशवी मागून घेतली. चार दिवसांनी त्या आल्या तेव्हा भाचा बरोबर होता. त्याच्या हातात वही होती. आम्ही काही विचारले नाही. तोच म्हणाला, "गुरुजी, बेरीज बरोबर हाय का बघता? मला वाटलं हुतं, मी थोडाच हरलोय."

बेरीज बरोबर होती. थोडाच मात्र तो हरला नव्हता. बियाण्याचे निम्मे पैसे गेले होते. निम्मे वाचले. ते त्याने त्याच दिवशी मावशींच्या हातात दिले.

लक्षात ठेवा

१. गेलेला पैसा परत मिळवण्यासाठी पुन्हा डाव लावू नये. कर्ज तर मुळीच काढू नये.
२. गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, कोणालाही सांगू नये.
३. फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.
४. खेळ सुटत नसेल, जीव घाबरा होत असेल, तर घरच्यांशी बोलावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या त्रासासाठी फुकट सल्ला मिळतो. यात लाज नाही.

प्रश्न

१. मावशींनी काही न करता त्यांच्याकडे चिंचोके कसे जमले?
२. काही देशांत चाकाला ३८ घरे असतात, पण जिंकणाऱ्याला ३६ च मिळतात. सगळ्या घरांवर एकेक रुपया ठेवला तर दर डावाला मालकाला किती रुपये उरतील?
३. तुमच्या घरी ३७ चिठ्ठ्या करा. मुलांना हा खेळ दाखवा आणि शेवटी मालकाची पिशवी मोजायला सांगा.